हात काढा, नाहीतर हातावर वाढीन

जून संपत आला की झूटरमेर या आमच्या डच गावातल्या गल्लीत कॅरव्हॅन येऊन उभ्या राहतात. हिवाळाभर कुणा शेतकऱ्याच्या कोठारात धूळ खात पडलेली ही चाकावरची पांढरी घरं मालक लोक ओढून आणतात, दारासमोर लावतात, आणि मग आठवडाभर त्यांचं न्हाणंधुणं चालतं. गाद्या उन्हात पडतात, पडदे दोरीवर चढतात. आमची शेजारीण योका नळी लावून छप्पर धुते आणि साबणाचं पाणी उताराने आमच्या दारापर्यंत येतं. गल्लीतल्या लिंडेनच्या झाडांना तेव्हा मोहोर असतो. त्याचा गोडसर वास साबणाच्या वासात मिसळतो. योका नळी बंद न करताच ओरडून विचारते, "यंदा कुठे?" ऊन पडलं की या देशात सुट्टीचा हा प्रश्न प्रत्येकाने प्रत्येकाला विचारायचाच असतो. मी म्हणतो, अजून काही ठरलं नाही.

ठरत नाही, कारण या वासाबरोबर मला एकच उन्हाळा आठवतो. कोरोनाचा दुसरा उन्हाळा. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही शहाण्यासारखे घरात बसलो होतो, फार तर संध्याकाळी तळ्याला एक फेरी. दुसऱ्या उन्हाळ्यात लस टोचून झाली, फोनमध्ये तो चौकोनी कोड आला आणि दावणीची गुरं सुटावीत तसा अख्खा देश दक्षिणेकडे सुटला. आम्हीही सुटलो. मी, माझी बायको मेधा आणि आमची अकरा वर्षांची सई. चौदा तास गाडी हाकून आम्ही इटलीतल्या एका डोंगरगावात गेलो आणि तिथे आठ दिवस राहिलो.

त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी पुण्यात माझे वडील वारले. मी आईजवळ गेलो नाही.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायला मला इतकी वर्षं लागली.

माझ्या वडिलांना सगळे अप्पा म्हणत. वीज मंडळात नोकरी, साधा माणूस, चारचौघांत फारसं न बोलणारा. पण लग्नामुंजीत पंगत बसली की अप्पांच्या अंगात यायचं. सदऱ्याच्या बाह्या वर, कमरेला पंचा आणि हातात जिलब्यांचं ताट. बोलावणं असो वा नसो, वाढायला अप्पा. केटररची माणसं बाजूला उभी राहून बघत राहायची. समोरचा ताटावर हात आडवा धरून "नको नको" म्हणाला की अप्पा जिलबी त्याच्या बोटांच्या वर धरायचे, पाकाचा थेंब आता पडेल की मग पडेल अशी, आणि म्हणायचे, "हात काढा, नाहीतर हातावर वाढीन." हात निघायचाच. अप्पांकडे या विषयातलं शास्त्रही होतं. पहिला नको तोंडाचा, दुसरा नको पोटाचा आणि तिसरा नको मनाचा. तिसरा आला की पुढच्या पानाकडे सरकायचं, पण पहिल्यावर जो सरकतो त्याला वाढपी म्हणू नये. मी लहानपणी त्यांच्यामागे मठ्ठ्याचा जग घेऊन फिरत असे. मला त्या आग्रहाची लाज वाटायची. नाही म्हणतोय ना माणूस, मग सोडा की त्याला. असं मला तेव्हा वाटायचं, आणि पुढे मी ज्या देशात येऊन राहिलो तिथे अख्ख्या समाजाला तसंच वाटतं.

कोरोनाच्या तीन वर्षं आधी आई आणि अप्पा दोन महिने आमच्याकडे येऊन राहिले होते. योकाने त्यांना कॉफीला बोलावलं. आई त्यासाठी इस्त्रीची साडी नेसली. योकाने पत्र्याचा डबा उघडला, प्रत्येकाला एकेक बिस्कीट दिलं, दालचिनी-लवंगेचं. मग पुन्हा डबा आईपुढे धरून म्हणाली, "वन मोअर?" आई हसून म्हणाली, "नो नो, थँक यू." योकाने मान डोलावली आणि झाकण लावलं. टप्प.

आम्ही घरी आलो. दार लागल्याबरोबर आई म्हणाली, "मला हवं होतं रे आणखी एक. काय खुसखुशीत होतं!"

"मग नो नो कशाला म्हणालीस?"

"अरे, पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणतात का कुणी? अधाशासारखं?" आणि मग तिला हसू फुटलं. "एकदाच विचारतात रे ही माणसं!"

अप्पांना योकाच्या नावाची आधीच गंमत वाटत असे, कारण घराच्या पाटीवर ते इंग्रजी 'जोक'सारखं लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "बाईंचं नावच विनोद आहे, तू मनावर कशाला घेतेस?" पण दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन ते तीच बिस्किटं दोन पुडे घेऊन आले. संध्याकाळी चहाबरोबर आईपुढे ताटली धरून त्यांनी तिला तीनदा विचारलं. तिने दोनदा नको म्हटलं आणि मग चार खाल्ली. पुढे आई शिकली. पुढच्या खेपेला योकाने डबा उघडायच्या आतच ती "येस प्लीज" म्हणाली आणि योका खूश झाली. आम्ही हे कितीतरी दिवस हसण्यावारी नेत होतो.

मला मात्र योकाचं वागणं पटायला लागलं होतं, हे इथे कबूल केलं पाहिजे. या लोकांचं सरळ असतं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. ऑफिसात कुणी "मदत नको" म्हणालं की त्याला खरंच मदत नको असते. माणसाच्या शब्दाला मान द्यायचा, त्याच्या मनात शिरून त्याला काय हवं ते आपण ठरवायचं नाही. यात एक स्वच्छपणा आहे. दहा-बारा वर्षं इथे काढल्यावर मी पुण्याला गेलो की मावशीच्या घरी पहिल्या प्रश्नाला "हो, वाढ" म्हणायचो आणि मावशी क्षणभर गोंधळायची. मला वाटायचं, मी सुधारलो.

एप्रिलमध्ये अप्पांना ऑक्सिजनवर ठेवलं. आईलाही कोरोना झाला होता, पण तिचं तापावर निभावलं, ती घरातच एकटी होती. माझा मावसभाऊ नितीन खाट मिळवण्यापासून औषधांपर्यंत सगळीकडे धावत होता. मी झूटरमेरच्या घरात वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून ऑफिसच्या मीटिंगा करत होतो आणि मांडीवर फोन ठेवून नितीनच्या निरोपाची वाट बघत होतो. नवव्या दिवशी, भर दुपारी, निरोप आला. अप्पांचं सगळं नितीननेच केलं. दोन माणसांच्या वर कुणाला येऊ देत नव्हते. आईलाही शेवटचं बघायला मिळालं नाही.

मी आईला फोन लावला. ती रडत नव्हती. मी विचारलं, "आई, येऊ का?"

ती म्हणाली, "नको रे. इथे येऊन काय करणारेस? माझ्याजवळ तर कुणाला येऊ देत नाहीयेत. तू पोरीजवळ राहा."

मी म्हणालो, "बरं."

खाली आलो. मेधा जिन्याशी उभी होती. "काय म्हणाल्या?"

"नको म्हणाली."

"मग?"

"मग काय? नको म्हणाली ना ती."

सई सोफ्यावरून इंग्रजीत म्हणाली, "आजी सेड नो, सो इट्स नो, राइट?"

कारणं हवी तेवढी होती. भारतातून येणारी विमानं इथल्या सरकारने थांबवली होती. गेलो असतो तर परत कधी आलो असतो याचा भरवसा नव्हता. नोकरी होती, मेधाला दमा आहे, सई लहान. त्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं की न जाण्यातच शहाणपण आहे. कारणं सगळी खरी होती, हेच वाईट. एखादं खोटं निघालं असतं तर त्याला धरून स्वतःला शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण खरं सांगायचं तर आईने नको म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं. मी तो नको झेलला आणि खिशात टाकला, पुन्हा तिच्यासमोर काढलाच नाही.

ऑगस्टमध्ये इटली. त्या गावाला जायला घाटासारखा वळणावळणाचा रस्ता होता, दोन्हीकडे चेस्टनटची झाडं, आणि वर पोचल्यावर एक चर्च, एक चौक, चार बाकं. चौकातल्या एका दारावर पाटी नव्हती, नुसता मण्यांचा पडदा होता. रविवारी दुपारी त्या पडद्यातून लोण्याचा वास यायला लागला आणि गावातली माणसं एकेक करून आत जाऊ लागली, तेव्हा आम्हाला कळलं की हे हॉटेल आहे. दारात पन्नाशीचा एक माणूस मास्क लावून उभा होता. त्याने आमचे कोड तपासले. बाहेरची टेबलं भरली होती म्हणून त्याने आम्हाला आत नेलं. आत जेमतेम आठ टेबलं, त्यांवर पांढरा कागद अंथरलेला, मध्ये प्लास्टिकच्या पारदर्शक भिंती. ऑलिव्ह तेलाची बाटली आणि सॅनिटायझरची बाटली शेजारी शेजारी ठेवलेली. मी पावावर सॅनिटायझर ओतणार तेवढ्यात सईने माझा हात धरला. त्या सबंध प्रवासात ती पहिल्यांदा खळखळून हसली.

मेन्यूकार्ड नव्हतंच. तो माणूस टेबलापाशी येऊन आज काय काय आहे ते तोंडी सांगायचा, अर्धं इटालियन आणि अर्धं इंग्रजीत. आम्ही सांगितलं, मांस नको, मासे नकोत. त्याने आमच्याकडे सुतकी चेहऱ्याने पाहिलं आणि आत तोंड करून काहीतरी ओरडला. आतून एक म्हातारी बाहेर आली. त्याची आई. बुटकी, अंगाने भरलेली, ॲप्रनला पीठ लागलेलं, मास्क हनुवटीवर. मांस न खाणारी माणसं दिसतात तरी कशी, हे बघायला ती आली असावी. तिने आम्हा तिघांना नीट न्याहाळलं, मग सईचा गाल ओढायला हात पुढे केला, मधेच तिला रोगाची आठवण झाली, तिने हात मागे घेतला आणि स्वतःचाच गाल ओढून दाखवला.

थोड्या वेळाने ती स्वतः एक मोठं खोलगट ताट घेऊन आली. त्यात चौकोनी, पातळ पाऱ्यांचे तुकडे, आत पालेभाजी आणि ताजं चीज भरलेलं, आणि वरून वितळलेलं लोणी इतकं की सगळे त्यात पोहत होते. सई म्हणाली, "करंजी!" तिने मराठी शब्द आपण होऊन वापरला याचंच मला कौतुक वाटलं. मेधा म्हणाली, "चौकोनी करंजी. आणि कडेला मुरड घालायला विसरल्या बाई."

आम्ही खाल्लं. तसं मी त्याआधी चार महिने जेवत होतोच, पण चव अशी कशाची लागली नव्हती. म्हातारी जागची हलली नाही. मोठा चमचा हातात घेऊन ती उभी राहिली, आम्ही खातोय की नाही ते बघत. असं उभं राहून बघणारं माणूस मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. माझी थाळी रिकामी झाली तशी ती वाकली आणि म्हणाली, "आन्कोरा?"

मला ऐकू आलं, "आणखी?"

शपथेवर सांगतो, मी दचकलो. तो शब्द इटालियन आहे आणि त्याचा अर्थही तोच आहे, हे मागाहून कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं की कुणीतरी मला मराठीत विचारतंय. माझा हात आपोआप थाळीवर आडवा झाला. आणि तोंडून निघालं, "बास, बास."

"बास्ता?" म्हातारी म्हणाली. तिला कळलं होतं. त्यांच्यातही तोच शब्द. ती हसली, दात एकदोन नव्हते. "के बास्ता!" कसलं बास! तिने मोठा चमचा माझ्या बोटांवर धरला. लोण्याचा एक थेंब माझ्या मधल्या बोटावर पडला. मग तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं, उचलून बाजूला ठेवलं, आणि थाळीत तीन वाढल्या.

दीड वर्षात परक्या माणसाने मला हात लावला नव्हता. आम्ही सगळे कोपराला कोपर लावून नमस्कार करत होतो तेव्हा.

सई टेबलाखालून मला पाय मारत होती. "बाबा! शी इज नॉट लिसनिंग टू यू!" तिला ते अन्यायाचं वाटलं आणि फार गमतीचंही. मी उत्तर द्यायला गेलो आणि रडायला लागलो. अगदी हमसून, पंगतीत बसल्यासारखा, सगळ्यांदेखत. मेधा सईला म्हणाली, "तिखट लागलं असेल बाबाला." त्या जेवणात मिरी सोडली तर तिखट म्हणून काही नव्हतं.

म्हातारीने पावाची टोपली माझ्याजवळ सरकवली आणि ती आत गेली. तिचा मुलगा घाईघाईने आला. त्याला वाटलं, आईच्या जबरदस्तीने पाहुणा दुखावला. तो मास्कच्या आडून म्हणाला, "सॉरी, सर. माय मदर... फॉर हर, नो इज ओन्ली गुड मॅनर्स."

आईच्या लेखी नाही म्हणजे नुसती रीतभात. हॉटेलवाला मला हे इंग्रजीत समजावून सांगत होता. मला! ज्याच्या बापाने आयुष्यभर लोकांच्या बोटांवर जिलब्या धरल्या त्याला!

तेव्हा, त्या प्लास्टिकच्या भिंतीशेजारी, मला एप्रिलमधला फोन आठवला. आठवला म्हणजे पुन्हा ऐकू आला. आईचा तो नको कितवा होता? पहिला. तोंडाचा. ज्याच्यावर सरकायचं नसतं, तो.

दुपारी चौकातल्या बाकावर बसून मी आईला व्हिडिओ कॉल केला. चर्च दाखवलं, डोंगर दाखवले. ती म्हणाली, "छान आहे रे. सईला मोकळी हवा मिळाली, बरं झालं." मग म्हणाली, "किती तास लागले गाडीने?"

"चौदा."

"बरं," ती म्हणाली.

पुण्याला पोचायला त्याहून फार जास्त लागत नाहीत. हे तिच्या मनात होतं की नव्हतं, मला माहीत नाही. तिच्या स्वभावात टोमणा नाही. पण माझ्या मनात तो हिशोब तेव्हापासून बसला आहे. त्या बाकावरून मी तिला विचारू शकलो असतो, आई, तू नको म्हणालीस ते खरं होतं का? नाही विचारलं. गार वारा सुटला होता, सई आईस्क्रीमच्या दुकानाकडे ओढत होती, आणि मुख्य म्हणजे उत्तराची भीती वाटत होती.

आठही दिवस आम्ही त्या मण्यांच्या पडद्यामागे जेवलो. म्हातारी रोज "आन्कोरा?" म्हणायची, मी रोज थाळीवर हात धरायचो, ती रोज तो उचलून बाजूला ठेवायची. तिसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम हात धरत होतो, हे तिला कळलं असणार. स्वयंपाकघराच्या दाराशी एक रिकामी खुर्ची होती. तिच्या पाठीवर पुरुषाची तपकिरी टोपी अडकवलेली असायची आणि गर्दी झाली तरी त्या खुर्चीवर कुणी बसत नसे. कुणाची, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा कुणालाच काही विचारायला जमत नव्हतं. निघताना नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

त्या गावाला आम्ही परत गेलो नाही. मेधा दरवर्षी सुचवते. मला भीती वाटते की दारात पाटी लागलेली असेल, छापील मेन्यू असेल आणि कुणी मुलगी येऊन नम्रपणे विचारेल, आणखी काही हवंय का, आणि मी नाही म्हणालो की थाळी उचलून नेईल.

आता कॅरव्हॅन आल्या की मी आईला फोन करतो. ती कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, गुडघे दुखतात, तरी मजेत आहे म्हणते. मी विचारतो, "आई, उन्हाळ्यात येतेस का इकडे?" ती म्हणते, नको रे. मी पुन्हा विचारतो. व्हीलचेअर सांगू, तुला काही चालावं लागणार नाही. नको. तिसऱ्यांदा विचारतो, मी स्वतः न्यायला येतो. ती म्हणते, "नको, शिरीष. खरंच नको." सई आता मोठी झाली आहे, ती जवळून जाता जाता म्हणते, "बाबा, ती तीनदा नाही म्हणाली." तीनदा म्हणाली हे मीही मोजलेलं असतं. आग्रह करायला मी शिकलो, पण शिकेपर्यंत तिसरा नको येऊन ठेपला होता.

आणि तीनदा विचारायची ही सवय मला कुठे लागली तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात मी अखेर पुण्याला गेलो. अप्पांना जाऊन सहा महिने उलटले होते. आई दारात उभी होती, बारीक झालेली, केस आखूड कापलेले. मी वाकलो, तिने पाठीवरून हात फिरवला. रडारड झाली नाही. रडायची वेळ निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली निघालो तर जिन्यात समोरच्या लिमयेकाकू भेटल्या. आई घरात एकटी आजारी होती तेव्हा याच काकू तिच्या दाराशी डबा ठेवून जात असत. मी त्यांचे आभार मानायला लागलो. त्या म्हणाल्या, "आभार कसले? पण मालूताईंचं एक मला कळेना बघ. मी डबा देत होते, तरी त्या रोज कुकर लावायच्या. दोन माणसांचा. शिट्टी ऐकू यायची मला. मी दारातूनच विचारलं, अहो, अंगात ताप, भात कुणासाठी लावताय? तर म्हणाल्या, 'शिरीषला मी नको म्हटलंय. पण त्याला ठाऊक आहे.'"

मी म्हणालो, "काय ठाऊक आहे?"

"ते मला काय माहीत, बाबा? पंधरा दिवस लावला असेल कुकर. मग एक दिवस शिट्टी आली नाही."

दूध घेऊन मी वर आलो. दुपारी आईने माझ्या आवडीची भरली वांगी केली. मला पान वाढलं आणि स्वतः समोर बसली, मांडीजवळ पोळ्यांचा डबा घेऊन. अप्पांची खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवलेली होती. मी दोन पोळ्या खाल्ल्या. शेवटी मी म्हणालो, "आई, मी तेव्हा यायला हवं होतं."

ती म्हणाली, "अरे, विमानं बंद होती ना."

इतकंच. माझंच कारण, तिने जपून ठेवलेलं, घडी न मोडता मला परत दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी त्याला धरून काही बोललो असतो, तिच्या पाया पडलो असतो.

मग तिने डब्याचं झाकण उघडलं. वाफेचा वास आला. "आणखी एक वाढू?"

भूक होती. पण पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणतात का कुणी? मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "नको."

आणि थांबलो. हात काढ, असं ती म्हणेल म्हणून. ती नाही तर भिंतीशी सरकवलेल्या खुर्चीतून कुणीतरी म्हणेल म्हणून.

"बरं," आई म्हणाली, आणि तिने झाकण लावलं. टप्प.

माझा हात ताटावर तसाच होता.